विक्रमवहीबाहेरचा धावपटू : मांडव्याचा अविनाश साबळे

६ ऑगस्ट २०२२. बर्मिंगहॅमच्या राष्ट्रकुल स्पर्धेत पुरुषांच्या ३,००० मीटर स्टीपलचेस शर्यतीचा शेवटचा अडथळा पार झाला, तेव्हा केनियाच्या अब्राहम किबिवोटच्या खांद्याला खांदा लावून एक भारतीय धावत होता. किबिवोट ८ मिनिटे ११.१५ सेकंदांत पोहोचला आणि बीड जिल्ह्यातला अविनाश साबळे ८ मिनिटे ११.२० सेकंदांत. अंतर फक्त ०.०५ सेकंदाचे. १९९८ ते २०१८ या काळात राष्ट्रकुल स्पर्धेतील या शर्यतीची तिन्ही पदके दर वेळी केनियानेच नेली होती. ती साखळी त्या दिवशी आष्टी तालुक्यातील मांडवा गावच्या एका सैनिकाने तोडली.

या शर्यतीत तिसरा आला तो केनियाचा अमोस सेरेम. त्याने आदल्याच वर्षी नैरोबीत २० वर्षांखालील गटाचे जागतिक विजेतेपद मिळवले होते. विजयमंचावर अशा प्रकारे दोन निराळे इतिहास शेजारीशेजारी उभे होते. एकाची गुणवत्ता कोवळ्या वयातच हेरली गेली होती, तर दुसऱ्याने स्टीपलचेस हा प्रकार हाती घेतला तोच बाविशीच्या आसपास.

म्हणून या धाग्याचा प्रश्न असा : शाळकरी वयातल्या थक्क करणाऱ्या कामगिरीच्या कथा जगभर सांगितल्या जातात, त्यांत बीड कुठे आहे?

आधी त्या कथा पाहू. अमेरिकेतील कॅन्सस राज्यातल्या विचिटा शहराचा जिम रायन हा त्यांतला सर्वांत गाजलेला. ५ जून १९६४ रोजी, वयाच्या सतराव्या वर्षी, त्याने एक मैल अंतर ३ मिनिटे ५९ सेकंदांत कापले. शाळेत शिकणाऱ्या मुलाने चार मिनिटांची भिंत ओलांडण्याची ती पहिलीच वेळ. पुढच्या वर्षी त्याने ३ मिनिटे ५५.३ सेकंदांची वेळ दिली आणि तीही ऑलिंपिक विजेत्या पीटर स्नेलला मागे टाकून. हा शालेय विक्रम २००१ पर्यंत अबाधित राहिला. रायन असामान्य होताच. पण त्याच्या शाळेला धावपट्टी होती, प्रशिक्षक होता, घड्याळ होते आणि निकाल लिहून ठेवणारा माणूसही होता. अशा कथांमध्ये या चौघांचे श्रेय बहुधा सांगायचे राहून जाते.

भारतात याच्या सर्वांत जवळ जाणारे उदाहरण केरळचे. १९७६ मध्ये केरळ सरकारने कण्णूर येथे मुलींसाठी क्रीडा विभाग सुरू केला. तेथे निवडलेल्या मुलींमध्ये पय्योळीची बारा वर्षांची पी. टी. उषा होती. १९७९ च्या राष्ट्रीय शालेय स्पर्धेत तिने वैयक्तिक विजेतेपद मिळवले आणि १९८० मध्ये, सोळाव्या वर्षी, ती मॉस्को ऑलिंपिकमध्ये धावली. निवडीपासून ऑलिंपिकपर्यंत चार वर्षे! अलीकडच्या पिढीत नीरज चोप्राने २०१६ साली १८ व्या वर्षी ८६.४८ मीटर भालाफेक करून २० वर्षांखालील जागतिक विक्रम केला आणि २०१८ मध्ये फिनलंडमधील टांपेरे येथे १८ वर्षांची हिमा दास ४०० मीटरमध्ये याच गटाची जगज्जेती झाली.

साबळे त्या वयात कुठे होता? त्याचा जन्म १३ सप्टेंबर १९९४ चा. बारावीनंतर तो सैन्यात भरती झाला आणि पुढे २०१३-१४ मध्ये महार रेजिमेंटच्या पाचव्या बटालियनचा जवान म्हणून सियाचीन हिमनदीवर तैनात होता. ज्या वयात इतरांच्या नावावर जागतिक विक्रम लागत होते, त्या वयात तो बर्फात पहारा देत होता.

हे केवळ योगायोगाने घडले असे म्हणता येत नाही. त्यामागे एका प्रदेशाचा इतिहास आहे.

महाराष्ट्रातील आधुनिक मैदानी स्पर्धांची परंपरा मुख्यतः पुणे-मुंबईत वाढली. पुण्याच्या डेक्कन जिमखान्याच्या स्पर्धांमध्ये अनवाणी धावणारे खेडुत पाहून सर दोराबजी टाटा प्रभावित झाले आणि त्यातूनच १९२० च्या अँटवर्प ऑलिंपिकसाठी भारतीय पथक उभे राहिले. बेळगावचा फडेप्पा चौगुले त्या ऑलिंपिकच्या मॅरेथॉनमध्ये एकोणिसावा आला. बीड त्या वेळी या जगाचा भागच नव्हते. १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत हा जिल्हा निजामाच्या राज्यात होता. मराठी मुलांसाठी माध्यमिक शाळा मोजक्याच होत्या आणि वरच्या वर्गांतले शिक्षण उर्दूतून चाले. जिथे हायस्कूलच दुर्मीळ, तिथे हायस्कूलची धावपट्टी कुठून येणार? १९५६ मध्ये मराठवाडा मुंबई राज्यात आला, १९६० मध्ये महाराष्ट्र झाला. गावोगावी शाळा उभ्या राहिल्या त्या त्यानंतर.

१९५४ मध्ये भारतीय शालेय क्रीडा महासंघ स्थापन झाला आणि शालेय स्पर्धांची आजची उतरंड हळूहळू पक्की झाली : तालुका, जिल्हा, विभाग, राज्य, राष्ट्र, गट १४, १७ आणि १९ वर्षांखालील. कागदावर ही रचना निर्दोष आहे. आष्टीच्या मुलाला आणि पुण्याच्या मुलाला एकच शिडी. मात्र या शिडीला एक वेळापत्रकही आहे. खालच्या पायऱ्यांवरील स्पर्धा साधारणपणे पावसाळ्यात सुरू होतात आणि वरच्या पायऱ्या हिवाळ्यात येतात. बीडमध्ये हिवाळा म्हणजे ऊसतोडीचा हंगाम. दसरा-दिवाळीच्या सुमारास कोयता घेतलेली कुटुंबे पश्चिम महाराष्ट्राच्या आणि कर्नाटकाच्या कारखान्यांकडे निघतात, ती मार्च-एप्रिलपर्यंत परतत नाहीत. मुलांसाठी साखरशाळा निघाल्या, हंगामी वसतिगृहे निघाली. तरी फडावर गेलेल्या मुलाचे नाव विभागीय स्पर्धेच्या यादीत टिकणे अवघडच. क्रीडा-इतिहास लिहिताना हा मुद्दा सहसा कोणी विचारात घेत नाही.

साबळेचे आईवडील वीटभट्टीवर राबत. शाळा घरापासून सुमारे सहा किलोमीटर दूर आणि वाहनाची सोय नाही. म्हणून तो कधी चालत, कधी धावत जाई. जाऊन-येऊन बारा किलोमीटर. वर्षातले शाळेचे २०० दिवस धरले, तरी हे अंतर २,४०० किलोमीटर भरते. पूर्व आफ्रिकेतील दीर्घपल्ल्याच्या धावपटूंवर संशोधन करणाऱ्यांनीही शाळेची ही वाट गांभीर्याने घेतली आहे. केनिया आणि इथिओपियातले अनेक नामवंत धावपटू लहानपणी लांबच्या शाळेत धावत जात, असे त्यांना आढळले.

तरीही या कथेला फार गोड करून सांगू नये. त्याच वाटेने हजारो मुले चालली आणि त्यांतली बहुतेक फक्त दमली. ज्या अंतराने एका मुलाची फुप्फुसे घडली, त्याच अंतरामुळे कित्येक मुलींची शाळा सातवीनंतर सुटली. मुलींना एसटीचा मोफत पास देणारी अहिल्याबाई होळकर योजना राज्याला १९९० च्या दशकात आणावी लागली, ती याच कारणाने. दारिद्र्य हा प्रशिक्षक नव्हे.

दुष्काळी पट्ट्यातून शालेय वयातच वर येणे अशक्य होते, असेही नाही. सातारा जिल्ह्यातील माण तालुका पावसाच्या बाबतीत बीडचाच भाऊबंद. तेथील मोही गावची ललिता बाबर शाळेत खो-खो खेळत असे. जून १९८९ मध्ये जन्मलेल्या या मुलीने २००५ साली पुण्यात २० वर्षांखालील राष्ट्रीय स्पर्धेचे सुवर्णपदक जिंकले, म्हणजे आपल्यापेक्षा वयाने मोठ्या मुलींच्या गटात! पुढे तीही स्टीपलचेसकडे वळली. २०१६ च्या रिओ ऑलिंपिकमध्ये तिने प्राथमिक फेरीत ९ मिनिटे १९.७६ सेकंदांचा राष्ट्रीय विक्रम केला आणि अंतिम फेरीत दहावी आली. १९८४ मधील उषानंतर ऑलिंपिकच्या धावपट्टीवर वैयक्तिक अंतिम फेरी गाठणारी ती पहिली भारतीय महिला. खो-खोच्या मैदानावरून थेट धावपट्टीवर येणे हा महाराष्ट्राचा खास मार्ग म्हणावा लागेल. कारण खो-खोला खुंट आणि फक्की पुरते, घड्याळ आणि सिंथेटिक ट्रॅक लागत नाही.

बीडच्या तरुणांना मात्र एक निराळीच स्पर्धा माहीत आहे. तिचे नाव भरती. पहाटे आष्टी, पाटोदा, शिरूर, गेवराईच्या रस्त्यांवर धावणारी पोरे पदकासाठी धावत नाहीत. ती १,६०० मीटरसाठी धावतात. सैन्यभरतीत हे अंतर ठरलेल्या वेळेच्या आत कापावे लागते. महाराष्ट्राच्या पोलीस शिपाई भरतीत तर पुरुषांची ५० गुणांची शारीरिक चाचणी म्हणजे एक छोटी मैदानी स्पर्धाच : १,६०० मीटर धावण्याला २० गुण, १०० मीटरला १५ आणि गोळाफेकीला १५. ग्रामीण महाराष्ट्रातल्या अठरा-एकोणीस वर्षांच्या मुलांची सर्वांत मोठी मैदानी स्पर्धा कोणती, याचे प्रामाणिक उत्तर शालेय स्पर्धा नसून भरती हेच आहे. तिच्यात घड्याळ अचूक असते आणि तिचे निकाल घर बदलून टाकतात. पण क्रीडा-इतिहासात तिची एकही वेळ नोंदली जात नाही.

साबळे याच दाराने आत गेला. सैन्याने अशा मुलांतून धावपटू शोधण्याची रीत जुनीच. मिल्खा सिंग यांना धावण्याची ओळख सैन्यातल्या क्रॉस-कंट्री शर्यतीतच झाली. चित्रपटामुळे घरोघरी पोहोचलेले पानसिंग तोमर हे रुरकीच्या बेंगाल इंजिनिअर्सचे जवान आणि स्टीपलचेसचे राष्ट्रीय विजेते. महार रेजिमेंटची उभारणी १ ऑक्टोबर १९४१ रोजी बेळगावात झाली. योगायोग असा, की २०२३ साली १ ऑक्टोबरलाच तिच्या या जवानाने हांगझोऊच्या आशियाई स्पर्धेत सुवर्णपदक जिंकले.

सियाचीननंतर राजस्थानचे वाळवंट, नंतर सिक्कीम. २०१५ मध्ये साबळे सैन्यांतर्गत क्रॉस-कंट्रीत उतरला, पुढे वजन वाढले, दुखापत झाली. सैन्यातील प्रशिक्षक अमरीश कुमार यांनी त्याला स्टीपलचेसकडे वळवले. हा निर्णय धाडसाचा होता. या शर्यतीत २८ अडथळे आणि ७ पाण्याच्या उड्या असतात, अडथळा ९१.४ सेंटिमीटर उंच आणि जागचा न हलणारा. अडथळ्याआधी पावलांचा हिशेब बसवण्याचे तंत्र बहुतेक खेळाडू किशोरवयातच आत्मसात करतात. त्या वयोगटासाठी म्हणूनच २,००० मीटरची वेगळी शर्यत ठेवली आहे. साबळेला हे सारे प्रौढ वयात, राष्ट्रीय स्तरावर धावता धावता शिकावे लागले.

नंतरचे आकडेच बोलतात. १९८१ मध्ये टोकियोत गोपाल सैनी यांनी ८ मिनिटे ३०.८८ सेकंदांचा राष्ट्रीय विक्रम केला होता. तो ३७ वर्षे कोणाला मोडता आला नाही. सप्टेंबर २०१८ मध्ये भुवनेश्वरला साबळेने ८ मिनिटे २९.८० सेकंदांची वेळ दिली आणि त्यानंतर तो स्वतःचाच विक्रम मोडत राहिला. २०१९ च्या दोहा जागतिक स्पर्धेत प्राथमिक फेरीत दुसऱ्या धावपटूमुळे त्याची वाट दोनदा अडली. भारताची तक्रार मान्य झाली, त्याला अंतिम फेरीत जागा मिळाली आणि तेथे ८ मिनिटे २१.३७ सेकंदांची वेळ देऊन त्याने टोकियो ऑलिंपिकची पात्रताही मिळवली. १९५२ मधील गुलझारा सिंग मान यांच्यानंतर ऑलिंपिकमध्ये स्टीपलचेस धावणारा तो पहिला भारतीय पुरुष ठरला. मे २०२२ मध्ये त्याने ५,००० मीटरमधील बहादूर प्रसाद यांचा ३० वर्षे जुना विक्रमही मोडला.

७ जुलै २०२४ रोजी पॅरिसच्या डायमंड लीगमध्ये त्याने ८ मिनिटे ९.९१ सेकंदांची वेळ दिली. सैनींच्या विक्रमापेक्षा ही वेळ जवळजवळ २१ सेकंदांनी सरस. एवढ्या वेळात या पातळीचा धावपटू शंभर मीटरहून अधिक अंतर कापतो. त्या वेळी साबळेचे वय २९ होते. तुलनेसाठी : जिम रायनने मैलाचा जागतिक विक्रम केला तो १९ व्या वर्षी आणि त्याचे एकमेव ऑलिंपिक पदक, १९६८ चे रौप्य, २१ व्या वर्षी. ज्या वयात रायन ऑलिंपिकच्या विजयमंचावर होता, त्या वयापर्यंत साबळेच्या नावावर एकही राष्ट्रीय विक्रम नव्हता.

महिनाभराने त्याच पॅरिसमध्ये ऑलिंपिकची अंतिम फेरी गाठणारा तो पहिला भारतीय पुरुष स्टीपलचेसपटू झाला आणि ८ मिनिटे १४.१८ सेकंदांत अकरावा आला. मे २०२५ मध्ये दक्षिण कोरियातील गुमी येथे त्याने आशियाई अजिंक्यपद जिंकले. पुरुषांच्या स्टीपलचेसमध्ये हे विजेतेपद भारताकडे १९८९ नंतर प्रथमच, म्हणजे ३६ वर्षांनी आले. त्या वर्षीच्या जुलैत मोनॅको येथे पाण्याच्या उडीवर तो पडला, गुडघा दुखावला आणि टोकियोची जागतिक स्पर्धा हुकली.