अंधाऱ्या खोलीतील अर्धे काम

छायाचित्र म्हणजे यंत्राने उतरविलेली वस्तूची अस्सल नक्कल, आणि त्या नकलेवर मागाहून फिरविलेला हात म्हणजे प्रेक्षकाशी केलेली लबाडी, अशी जी एक समजूत सुशिक्षित मंडळींतही रूढ झाली आहे, तिला मुंबईच्या छायाचित्रणाच्या इतिहासात फारसा आधार सापडत नाही. ही विद्या आपल्याकडे रुजली त्याच दिवसांत तिचे दोन भाग पडले होते. एक कॅमेऱ्यासमोर उजेडात व्हावयाचा आणि दुसरा दार लावून अंधारात. या दुसऱ्या भागात ज्याचा हात कच्चा, त्याला धंद्यात कोणी विचारीत नसे.

मुंबईत छायाचित्रणाची सोसायटी १८५४ साली स्थापन झाली. कलकत्ता आणि मद्रास येथील संस्था तिच्यानंतर दोन वर्षांनी निघाल्या, ही गोष्ट मुंबईकरांना अभिमानाची वाटावी. युरोपियन अधिकारी व व्यापारी यांच्या बरोबरीने डॉ. भाऊ दाजी यांचे बंधू डॉ. नारायण दाजी हेही त्या सोसायटीच्या कामकाजात वावरत होते, आणि १८५५ च्या सुमारास एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशनमध्ये या विषयाचा वर्गही सुरू झाला. पुढे मुंबईत नावाजलेले हरिश्चंद्र चिंतामण हे त्याच वर्गात तयार झाले. कंपनी सरकारलाही प्राचीन इमारतींची चित्रे चितारून घेण्यापेक्षा त्यांचे फोटो घेणे किफायतीचे वाटू लागले होते, म्हणून कॅप्टन बिग्ज यांना विजापूर, बदामी, ऐहोळे या भागांतील देवळे व मशिदी यांची छायाचित्रे घेण्याच्या कामगिरीवर तैनात करण्यात आले. लष्कराला त्यांची गरज लागताच त्यांना परत बोलावून ते काम डॉ. पिगू यांच्याकडे सोपविण्यात आले. कलेपेक्षा दफ्तराची सोय अधिक पाहणाऱ्या राज्यात याहून निराळे काही घडण्याचा संभव नव्हता.

त्या काळची रीत अशी होती की, स्वच्छ पुसलेल्या काचेवर कोलोडिऑनचा पातळ थर समप्रमाणात ओतावयाचा, ती काच काळोखात सिल्व्हर नायट्रेटच्या द्रावणात बुडवावयाची, ओली असतानाच कॅमेऱ्यात बसवून चित्र घ्यावयाचे आणि थर सुकण्यापूर्वीच ती हिराकसाच्या पाण्याने धुवून प्रतिमा प्रकट करावयाची. विलायतेतल्या थंड हवेत या साऱ्या खटाटोपाला थोडीबहुत उसंत मिळत असेल. परंतु कोलोडिऑनमधील ईथर पस्तीस अंशांच्या आसपासच उकळू लागते, आणि आपल्याकडे वैशाखात तंबूच्या आत किती उष्मा होतो हे ज्याने अनुभवले आहे, त्याला त्या माणसांच्या तारांबळीची कल्पना सहज येईल. देखावा कितीही मनोहर असो, अंधारी राहुटी हाकेच्या अंतरावर नसेल तर तो टिपता येत नसे. म्हणूनच कोठे उभे राहावयाचे हे ठरविताना डोळ्याइतकाच रसायनांच्या बाटल्यांचाही विचार करावा लागे.

त्याहून मोठी अडचण त्या काचेच्या दृष्टीची होती. तिला निळा प्रकाश झणझणीत दिसे आणि तांबड्याचे अस्तित्वच जाणवत नसे. परिणामी निळे आकाश कागदावर कोरे पांढरे उमटे, तर कपाळावरचे कुंकू, तांबडी पगडी, हळदीने माखलेले अंग आणि आपल्या लोकांची गव्हाळ कांती ही सर्व प्रत्यक्षाहून काळवंडून जात. फोगेल या जर्मन संशोधकाने रंगद्रव्ये मिसळून काचेची दृष्टी सुधारण्याची युक्ती १८७३ साली शोधून काढली खरी, तथापि सर्व रंग ओळखणाऱ्या काचा बाजारात मिळू लागण्यास विसावे शतक उजाडावे लागले. तेव्हा ज्याला लोक खोटेपणा म्हणतात, तो त्या दिवसांत पुष्कळ अंशी यंत्राच्या खोटेपणावरचा इलाज होता. ब्रह्मदेश व मद्रास इलाखा यांची छायाचित्रे घेणारे लिनियस ट्राइप आपल्या कागदी निगेटिव्हवर रंगाचे सूक्ष्म फटकारे मारून कोऱ्या आकाशात ढग उठवीत, आणि ते ढग पाहताना फसविले गेल्याची भावना निदान माझ्या मनात तरी येत नाही.

विल्यम जॉन्सन यांच्याविषयी मात्र तसे म्हणता येत नाही. मुंबईच्या छायाचित्रणाच्या पहिल्या पिढीतील या गृहस्थांनी येथील निरनिराळ्या जातीजमातींच्या चित्रांचे दोन खंड १८६३ आणि १८६६ साली प्रसिद्ध केले. त्यांतील माणसे एका ठिकाणी उभी करून टिपलेली आहेत आणि त्यांच्या पाठीमागचे देखावे भलत्याच ठिकाणचे आहेत. दोन निगेटिव्ह मोठ्या खटपटीने जुळवून एकच छाप काढलेली आहे, आणि काही पानांवर तो सांधा साध्या डोळ्यांनाही जाणवतो. कारागिरी म्हणून ती वाखाणण्यासारखी आहे, यात शंका नाही. परंतु हे पुस्तक लोकांची ओळख करून देण्याच्या मिषाने निघाले होते. माणसाला त्याच्या ठिकाणावरून उचलून दुसऱ्या पडद्यापुढे मांडले आणि तेच त्याचे वास्तव म्हणून वाचकाच्या हाती दिले, की ट्राइपचे ढग आणि हा देखावा यांतील अंतर स्पष्ट होते. आजही छायाचित्रातील फेरफारांविषयी वाद पेटतात, तेव्हा हातातील साधनाचीच चर्चा फार होते आणि चित्राने कोणता दावा केला आहे हे विचारणारा विरळा.

स्टुडिओंचा जमाना आल्यावर निगेटिव्हवरचे काम ही एक स्वतंत्र नोकरीच झाली. उत्तरेकडून काचेतून उजेड घेणाऱ्या खोलीत गिऱ्हाइकाची मान मागून लोखंडी आधाराने स्थिर करून फोटो घेतला जाई. तेथून ती काच उतरत्या मेजावर बसलेल्या रिटचिंगवाल्याकडे जाई. खालच्या आरशातून येणाऱ्या प्रकाशात तो तिच्यावर राळ व टर्पेंटाइन यांचे पातळ बोट फिरवी आणि सुईसारख्या टोकाच्या कठीण पेन्सिलीने देवीचे व्रण, सुरकुत्या, डोळ्यांखालची वर्तुळे बारीक टिंबांनी भरून काढी, कारण निगेटिव्हवर जे दाट होते तेच कागदावर उजळ दिसते. उलट काही गडद करावयाचे असेल तर धारदार पात्याने थर खरवडावा लागे. अतिशहाण्या हातांनी साठीच्या गृहस्थांचा चेहरा मेणाच्या बाहुलीसारखा गुळगुळीत करून ठेवल्याची उदाहरणे जुन्या घरांतील भिंतींवर हवी तितकी सापडतात. जाणकार कारागीर नाकाच्या बाजूची घडी तेवढी राखून ठेवी. ती पुसली की ओळख पुसली, हे त्याला ठाऊक असे. छापतानाही चौकटीतील कागदाच्या एखाद्या भागावर काडीला लावलेला पुठ्ठ्याचा तुकडा धरून तेथला काळोख आवरता येई, किंवा पंजा वळवून त्यातून येणाऱ्या उजेडाने एखादाच भाग गडद करता येई. संगणकावर फोटो सुधारण्याची सोय १९९० च्या सुमारास सर्वत्र होऊ लागली, तेव्हा त्यात उजळ व गडद करण्याच्या खुणांसाठी काडीवरचा तो तुकडा आणि वळवलेला पंजा हीच चिन्हे घेण्यात आली.

कोरड्या काचा आल्या, मग फिल्म आली, आणि राहुटी पाठीवर वाहण्याचे दिवस सरले; पण अंधाऱ्या खोलीतील जबाबदारी हलकी झाली नाही. धुंडिराज गोविंद फाळके यांनी बडोद्याच्या कलाभवनात छायाचित्रण शिकून गोध्र्याला फोटोचा धंदा केला होता, आणि पुढे चलच्चित्रांकडे वळल्यावर प्रथम कुंडीत उगवणाऱ्या वाटाण्याची एकेक चौकट जोडून वाढ दाखविणारी फीत त्यांनी १९१२ साली तयार केली. 'राजा हरिश्चंद्र'च्या वेळी दिवसा चित्रीकरण झाले, की रात्री घरीच फिल्म धुण्याचे काम चाले; कच्च्या फिल्मला छिद्रे पाडणे, रसायने मिसळणे, फीत प्रकट करणे ही सारी कामे सरस्वतीबाई फाळके यांनी शिकून घेतली होती, आणि बाहेरच्या कलावंतांच्या जेवणाखाणाची व्यवस्थाही त्याच पाहत.