ॲक्रोसिन: उंदराने दिलेलं उत्तर आणि हॅमस्टरची हरकत

आजची गोष्ट एका एन्झाइमची. नाव ॲक्रोसिन.

शुक्राणूच्या डोक्यावर टोपीसारखी एक पिशवी असते, ॲक्रोसोम. तिच्यात प्रथिनं तोडणारं हे एन्झाइम असतं. आणि सस्तन प्राण्यांच्या स्त्रीबीजाभोवती असतं एक पारदर्शक आवरण, झोना पेल्युसिडा. ते पार केल्याशिवाय शुक्राणू आत जाऊच शकत नाही. त्यामुळे अनेक वर्षं सगळे हेच धरून चालले होते की ॲक्रोसिन आवरणात वाट करतं आणि शुक्राणू आत शिरतो. पटतं ना? पण खात्री करायची कशी?

तर ते एन्झाइमच गायब करून बघायचं! १९८०च्या दशकाच्या शेवटी उंदरातलं हवं ते जनुक बंद पाडायचं तंत्र हाती आलं (याच तंत्रासाठी २००७चं नोबेल मिळालं). १९९४मध्ये जपानमध्ये तादाशी बाबा आणि सहकाऱ्यांनी ॲक्रोसिनचं जनुक बंद केलेले उंदीर तयार केले. अपेक्षा काय? नर वांझ निघणार. झालं काय? त्यांना चक्क पिल्लं झाली! शुक्राणूंना आवरण पार करायला थोडा उशीर लागला, एवढंच. १९९७मध्ये जर्मनीतल्या संशोधकांनाही असाच उशीर दिसला.

झालं, ॲक्रोसिनचं महत्त्व एकदम घसरलं. ‘असलं तर बरं, नसलं तरी चालतं’ असं मत तयार झालं.

मग आलं २०२०. जपानमधल्याच रिकेन संस्थेच्या अत्सुओ ओगुरा यांच्या टीमने हाच प्रयोग हॅमस्टरवर केला. हे नर मात्र पूर्ण वांझ! शुक्राणू पोहत होते, स्त्रीबीजापर्यंत जाऊन आवरणाला चिकटतही होते. पण आत शिरता येत नव्हतं.

म्हणजे उंदराचा प्रयोग चुकला होता का? अजिबात नाही. तो उंदरापुरता खरा होता. आपणच ते उत्तर सगळ्या प्राण्यांना लावून टाकलं.

आता आपल्याकडे या. मूल होत नाही म्हटलं की पहिलं बोट बाईकडे. नवऱ्याने तपासणी केलीच, तर नेहमीच्या रिपोर्टमध्ये मुख्यतः संख्या, हालचाल आणि आकार बघतात. त्या हॅमस्टरचे शुक्राणू तर भरपूर होते आणि छान पोहतही होते! माणूस म्हणजे हॅमस्टर नव्हे, हे खरंच. पण ‘रिपोर्ट नॉर्मल आहे, म्हणजे दोष तिचाच’ हा निष्कर्ष विज्ञानाचा नाही, एवढं नक्की.

घरात कुणी असं बोललं, तर हा एपिसोड त्यांना ऐकवा. भेटू पुढच्या भागात!