उजवीकडून वाचायची बटणं

निन्टेन्डो कंपनीचा कंट्रोलर हातात घ्या आणि उजव्या अंगठ्याखालची चार बटणं वाचा. पत्त्यांतल्या चौकटीच्या आकारात ती मांडलेली असतात. 'ए' अगदी उजवीकडे, 'बी' खाली, 'एक्स' वर आणि 'वाय' डावीकडे. आता मायक्रोसॉफ्टचा एक्सबॉक्सचा कंट्रोलर घ्या. तीच चार अक्षरं, तोच आकार. पण 'ए' खाली, 'बी' उजवीकडे, 'एक्स' डावीकडे, 'वाय' वर. म्हणजे पहिल्यावर अक्षरांचा क्रम उजवीकडून डावीकडे जातो आणि दुसऱ्यावर डावीकडून उजवीकडे. दिवसाचा एक तास उर्दूचा आणि पुढचा तास मराठीचा घेणाऱ्या माणसाला हे दिसल्याशिवाय राहत नाही.

ज्या मुलांनी हे दोन्ही कंट्रोलर हाताळले आहेत ती एकाला 'उलटा' म्हणतात. कोणत्या, ते त्यांनी आधी कोणता हातात धरला यावर ठरतं. हा 'उलटा' शब्द माझ्या ओळखीचा आहे. "तुमचं ते उलटं लिहितात ना?" हा प्रश्न बीएडच्या वर्षापासून आजपर्यंत मला कितीदा विचारला गेला, त्याची मोजदाद नाही. विचारणाऱ्यांच्या मनात बहुतेक वेळा काही वाईट नसतं. पण सुलटं कोणी ठरवलं, हे विचारायला हरकत नसावी. आणि बटणांच्या बाबतीत त्याचं उत्तर तारखांसकट सापडतं, कारण हा सगळा इतिहास जेमतेम पन्नास वर्षांचा आहे.

1977 साली अमेरिकेत अटारीचा घरगुती गेम बाजारात आला. त्याला एक दांडी आणि एकच लाल बटण. डबा डाव्या हाताच्या पंजात धरायचा, डाव्या अंगठ्याने बटण दाबायचं आणि उजव्या हाताने दांडी फिरवायची. दिशा देण्याचं अवघड काम उजव्या हाताकडे होतं. आज जगभर नेमकं याच्या उलट चालतं: दिशा डाव्या अंगठ्याकडे, बटणं उजव्याकडे. हात तेच आहेत, हाडं तीच आहेत; सवय मात्र पार फिरली.

ती फिरवण्यात मोठा वाटा गुनपेई योकोई या माणसाचा. निन्टेन्डो ही क्योतोची कंपनी, 1889 पासून हानाफुदा नावाचे पत्ते बनवणारी. योकोई तिथे 1965 साली यंत्रांच्या देखभालीसाठी लागले आणि पुढे खेळणी बनवू लागले. 1982 मध्ये खिशात मावणाऱ्या 'डॉन्की काँग' या खेळासाठी त्यांनी दांडी काढून टाकली आणि अधिकच्या चिन्हासारखं एकच चपटं बटण बसवलं. अंगठा न उचलता, न बघता चारही दिशा कळतात. पुढच्या वर्षी, 15 जुलै 1983 रोजी, आलेल्या फॅमिकॉम या यंत्रात हेच बटण डावीकडे आलं, आणि उजवीकडे दोन बटणं: आधी 'बी', मग 'ए'.

'ए' बाहेरच्या बाजूला का? अंगठा आडवा टेकवून बघा. टोक 'बी'वर येतं आणि अंगठ्याचं पेर 'ए'वर. 'मारिओ' खेळताना टोकाने 'बी' दाबून धरायचा म्हणजे धाव, आणि पेर जरा खाली दाबलं की 'ए', म्हणजे उडी. दोन कामं, एक अंगठा, एकाच वेळी. हा शुद्ध हाताचा हिशोब आहे. पण अक्षरांची नावं देताना पहिलं अक्षर उजवीकडे टाकायला जपानी माणसाला काही अडचण वाटली नसणार. त्याची उभ्या ओळींची पुस्तकं उजवीकडून सुरू होतात, आपल्या उर्दूच्या पुस्तकासारखीच. लगेच निष्कर्ष मात्र काढू नका. सेगा हीसुद्धा जपानी कंपनी, आणि तिच्या 1988 च्या मेगा ड्राइव्हवर 'ए', 'बी', 'सी' डावीकडून मांडलेले होते. जपानीत आडव्या ओळी डावीकडून लिहितात, उभ्या उजवीकडून सरकतात. दोन्ही वाटा एकाच घरात. पुढे सेगाच्या 1998 च्या ड्रीमकास्टवर 'ए' खाली आणि 'बी' उजवीकडे आला, आणि 2001 च्या एक्सबॉक्सने तीच मांडणी घेतली. म्हणजे ज्याला मुलं 'अमेरिकन पद्धत' म्हणतात ती जपानमधूनच गेलेली आहे.

आमच्या बाभुळगावात यातलं अस्सल काही आलं नाही. नव्वदच्या दशकात आली ती फॅमिकॉमची नक्कल, 'लिटल मास्टर', 'टर्मिनेटर' अशा नावांनी. यवतमाळ-नागपूरहून कोणीतरी आणायचा, मोजक्या घरांत असायचा, आणि ईदी हातात पडली की तासाच्या भाड्यावर खेळायला रांग लागायची. कंट्रोलरला सगळे 'रिमोट' म्हणायचे. नक्कल करणाऱ्यांनी मूळच्या दोन बटणांवर आणखी दोन 'टर्बो' बटणं बसवली होती. ती दाबून धरली की गोळ्या आपोआप सुटत राहायच्या. अक्षरं कोणी वाचत नव्हतं. 'कूदने का' आणि 'मारने का', एवढीच त्यांची नावं. तरीही आमच्या पिढीच्या अंगठ्याला क्योतोची मांडणी बसली, आणि ती आजही तशीच आहे.

आता प्लेस्टेशन. सोनीने 3 डिसेंबर 1994 रोजी ते जपानमध्ये आणलं तेव्हा तेइयू गोतो या रचनाकाराने अक्षरंच टाळली. त्रिकोण, चौकोन, गोल आणि फुली. त्यांनी दिलेलं स्पष्टीकरण असं: त्रिकोण म्हणजे पाहण्याची दिशा, चौकोन म्हणजे कागद, गोल म्हणजे 'हो' आणि फुली म्हणजे 'नाही'. कोणत्याही लिपीच्या मुलाला कळेल अशी ही भाषा, असं वाटतं ना? जपानमध्ये शिक्षक बरोबर उत्तराला गोल करतात. तिथे बरोबरची खूण (आपली टिक) चुकलेल्या उत्तरावरही पडते. अमेरिकेत गोलाला तसा काही अर्थ नव्हता, म्हणून तिथल्या खेळांत फुली 'हो' झाली आणि गोल 'परत जा'. पंचवीसेक वर्षं एकाच कंट्रोलरवर एकाच बटणाचे दोन देशांत दोन अर्थ चालले. 2020 मध्ये प्लेस्टेशन 5 आला तेव्हा सोनीने जपानमध्येही फुलीलाच 'हो' करून टाकलं. ज्यांनी आयुष्यभर फुली म्हणजे 'नाही' असं शिकलं, त्यांच्यावर हा बदल आला, आणि तोही त्यांच्याच देशातल्या कंपनीकडून. मला तो निर्णय आवडलेला नाही. बाजार मोठा ज्याचा, सुलटं त्याचं.

आपल्या शाळांत फुली म्हणजे चूकच. तरी आपली मुलं 'हो' म्हणायला फुली दाबतात आणि त्यांना काही खटकत नाही.

आरामाचं काय? तोही निव्वळ हाताचा प्रश्न असता तर सगळ्यांचे कंट्रोलर एव्हाना सारखे झाले असते. प्लेस्टेशनच्या दोन्ही फिरत्या दांड्या खाली, आत, शेजारी-शेजारी आहेत, कारण त्या 1997 मध्ये नंतर जोडल्या गेल्या. चांगली जागा आधीच दिशेच्या बटणांनी घेतली होती. एक्सबॉक्स दांडीच्या जमान्यात जन्मला, म्हणून त्याची डावी दांडी वर, अंगठा सहज टेकतो तिथे आहे. माझ्या मते धावायच्या-फिरायच्या खेळांना एक्सबॉक्सची जागा सोयीची आणि जुन्या आडव्या खेळांना प्लेस्टेशनची. पण पहिला एक्सबॉक्स कंट्रोलर इतका जाडजूड होता की जपानसाठी लहान आकार वेगळा करावा लागला, आणि तो लहान आकारच नंतर अमेरिकेतही रूढ झाला. निन्टेन्डोचा 1996 चा तीन मुठींचा कंट्रोलर तर वेगळंच प्रकरण. 'मारिओ पार्टी'त दांडी गरगर फिरवायला मुलं तळहात वापरू लागली आणि तळहात सोलवटले. 2000 साली न्यूयॉर्क राज्याच्या महाधिवक्त्यांशी तडजोड करून कंपनीला हातमोजे वाटायचं कबूल करावं लागलं.

महाराष्ट्राचा या गोष्टीशी संबंध फक्त खेळणाऱ्याचा नाही. पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सने 'राजी' हा खेळ बनवला. सर्कशीतली मुलगी आपल्या हरवलेल्या भावाला, गोलूला, शोधते. 2017 मध्ये लोकवर्गणीचा प्रयत्न फसला, तेव्हा संस्थापकांपैकी श्रुती घोष यांनी आपला फ्लॅट विकला. ऑगस्ट 2020 मध्ये खेळ आधी निन्टेन्डो स्विचवर आला, ऑक्टोबरमध्ये प्लेस्टेशन, एक्सबॉक्स आणि संगणकावर. असा खेळ तीन यंत्रांवर न्यायचा म्हणजे 'हे बटण दाबा' ही सूचना तीन भाषांत लिहायची. स्विचवर जिथे 'ए' लिहायचं, त्याच जागेवर एक्सबॉक्सवर 'बी' आणि प्लेस्टेशनवर गोल.

आज आमच्या गावातल्या बहुतेक मुलांच्या हातात कंट्रोलर नाहीच, मोबाइल आहे. सप्टेंबर 2020 मध्ये पबजीवर बंदी आली, जुलै 2021 मध्ये त्याच घराण्यातला बीजीएमआय आला. काचेवर बटणाला उठाव नाही, अंगठ्याला काही लागत नाही, बोटं आखडतात, हे सगळं खरं. पण सेटिंगमध्ये जाऊन प्रत्येक बटण हवं तिथे सरकवता येतं, लहान-मोठं करता येतं. दोन मुलांचे फोन शेजारी ठेवले तर मांडणी जुळत नाही. कोणी दोन अंगठ्यांनी खेळतो, कोणी चार बोटं खेकड्यासारखी वाकवून. एकमेकांचा फोन घेतला की चिडतात.

माझ्या वर्गातली एक मुलगी डावखुरी आहे. तिने गोळीचं मोठं बटण डावीकडे नेऊन ठेवलंय आणि भाऊ तिला 'उल्टी' म्हणतो. तिच्या मराठीच्या वहीत जेल पेनची शाई ओळभर पसरलेली असते, कारण हात लिहिलेल्यावरून सरकतो. उर्दूच्या वहीत हात कोऱ्या कागदाकडे सरकतो, आणि तिचं पान वर्गात सगळ्यात स्वच्छ असतं.