डॉल्बी : मिरवणुकीतला आणि बैठकीतला

आमच्या दुसरबीडमध्ये ‘डॉल्बी’ म्हटलं की कुणाला सिनेमा आठवत नाही. टेम्पोवर रचलेली स्पीकरची भिंत, मागे फटफटणारा जनरेटर आणि पुढे नाचणारी वरात, हाच डॉल्बी. लग्न ठरलं की ‘डॉल्बी सांगितला का?’ हा प्रश्न मांडववाल्याच्या आधी येतो. बुलडाणा जिल्ह्यातच नव्हे, महाराष्ट्रभर हा शब्द असाच रुळला आहे. कोल्हापूरकडे तर गणेशोत्सव ‘डॉल्बीमुक्त’ करण्याच्या मोहिमा झाल्या.

ज्यांच्या आडनावावरून हा शब्द आला, त्या रे डॉल्बी यांचं मूळ काम मात्र गोंगाट कमी करण्याचं होतं. केंब्रिजहून डॉक्टरेट घेतलेले हे अमेरिकन अभियंते १९६३ मध्ये युनेस्कोचे सल्लागार म्हणून भारतात आले आणि चंदीगडच्या केंद्रीय वैज्ञानिक उपकरण संस्थेसाठी त्यांनी काम केलं. १९६५ मध्ये लंडनला परतून त्यांनी आपली प्रयोगशाळा काढली. टेपवर गाणं ध्वनिमुद्रित केलं की मागे एक बारीक सळसळ ऐकू येते. त्यावर डॉल्बींचा उपाय असा : मुद्रण करताना हळू आवाज मुद्दाम उचलायचे आणि ऐकवताना तेवढेच खाली आणायचे. आवाज मूळ पातळीवर येतो आणि त्याच्याबरोबर सळसळही दबते. म्हणजे ज्यांनी जगाला शांतता विकली, त्यांचं नाव आपण कानठळ्यांना दिलं.

हे का झालं असावं, याचा विचार मी गावात होम थिएटरचे नवे रिसीव्हर आलेली घरं पाहताना करू लागलो. माझ्या मते उत्तर आवाजाच्या इतिहासात आहे. आपल्याकडे आवाज नेहमी ‘किती’ यावर मोजला गेला, ‘कुठून’ यावर नाही.

‘कुठून’ हा प्रश्न तसा जुना आहे. १४ मार्च १९३१ रोजी मुंबईच्या मॅजेस्टिकमध्ये ‘आलम आरा’ लागला आणि आपला सिनेमा बोलू लागला. त्याच वर्षी लंडनमध्ये ॲलन ब्लमलाइन नावाच्या अभियंत्याला बोलपटातली एक गोष्ट खटकत होती. नट पडद्याच्या एका टोकाकडून दुसऱ्या टोकाला जातो, पण त्याचा आवाज जागचा हलत नाही. डिसेंबर १९३१ मध्ये त्यानं स्टिरिओच्या पेटंटसाठी अर्ज केला. पुढे १९४० मध्ये डिस्नेनं ‘फँटासिया’साठी प्रेक्षकांच्या भोवतीनं आवाज फिरवणारी यंत्रणा उभारली. ती इतकी अवजड आणि महाग होती की मोजक्याच थिएटरांत बसवता आली.

आपल्या भागात सिनेमा पोचला तो तंबूतून. जत्रेतल्या टुरिंग टॉकीजमध्ये आवाजाची दिशा एकच, पडद्याची. १९७५ चा ‘शोले’ मुंबईत ७० एमएमवर स्टिरिओफोनिक आवाजात दाखवला गेला. खेड्यात पोचलेल्या ३५ एमएम आणि १६ एमएमच्या प्रिंटमध्ये तो आवाज नव्हता. दुसरीकडे भोंगा. सप्ताह असो वा सभा, भोंगा किती लांब ऐकू जातो यावर कार्यक्रमाची इभ्रत ठरायची. मग टू-इन-वन आले आणि त्यांच्यावर ‘पीएमपीओ’ नावाचे फुगवलेले वॅट छापलेले असायचे. क्षणभराच्या कमाल ताकदीचा तो आकडा प्रत्यक्ष वापराशी फारसा संबंध ठेवत नसे, पण ग्राहक तोच वाचून सेट घ्यायचा.

१९९० च्या दशकात हिंदी सिनेमाच्या जाहिरातींत ‘डॉल्बी’ झळकू लागला. ‘१९४२ : अ लव्ह स्टोरी’ (१९९४) हा त्यातल्या सुरुवातीच्या चित्रपटांपैकी एक. तो शब्द चांगल्या थिएटरमधल्या दणदणीत आवाजाचा अर्थ घेऊन आला आणि सरळ मिरवणुकीत शिरला. घरात आलं ते तयार ५.१ होम थिएटर. पाच छोटे स्पीकर, एक बेसची पेटी. ते बसवण्याची आपली पद्धत ठरलेली : पाचही स्पीकर टीव्हीच्या शोकेसवर ओळीनं. मागे लावायचे स्पीकरही पुढेच! सभोवताल आवाज देणारं यंत्र आपण भोंग्यासारखं वापरलं.

आता काही घरांत या संचांच्या जागी रिसीव्हर आले आहेत. दिवाळीत गावी गेलो तेव्हा मी ओळखीच्या तीन-चार घरांत मुद्दाम बसून ऐकलं. कृषी केंद्र चालवणाऱ्या एका भाऊंची पहिली प्रतिक्रिया नाराजीची होती : “एवढे पैसे घातले, पण आवाज काही वाढला नाही.” त्यांचं निरीक्षण बरोबर आहे. वॅट दुप्पट केले तर आवाज तीन डेसिबलनंच वाढतो. कानाला दुप्पट वाटायला साधारण दहापट ताकद लागते. रिसीव्हरचं खरं काम वेगळं आहे. सोबतचा माईक आपल्या बसण्याच्या जागी ठेवला की तो प्रत्येक स्पीकरचं अंतर मोजतो. आवाज एका मिलिसेकंदात सुमारे ३४ सेंटिमीटर जातो. म्हणून मीटरभर जवळच्या स्पीकरला तो तीन मिलिसेकंद थांबवतो. सगळे आवाज ठरल्या क्षणी कानाशी पोचतात आणि मगच मागचा पाऊस मागे पडतो.

दुसऱ्या घरातलं मत मला जास्त मोलाचं वाटलं. तिथले आजोबा टीव्ही पाहायचे बंद झाले होते. वयानुसार कानाची वरची पट्टी आधी जाते. स, श, ट, फ ही अक्षरं निसटतात. टीव्ही मोठा केला की संवादाबरोबर पार्श्वसंगीतही वाढतं आणि शब्द पुन्हा बुडतो. रिसीव्हर दोन्ही बाजूंच्या आवाजांत जे समान असतं, म्हणजे बहुतेक वेळा बोलणं, ते वेगळं काढून मधल्या स्पीकरकडे पाठवू शकतो. साध्या स्टिरिओ मालिकेतूनही हे जमतं; प्रो लॉजिक नावानं हे तंत्र १९८७ पासून घरगुती यंत्रांत आहे. फक्त मधला स्पीकर वाढवायचा. आजोबांचं म्हणणं : “आता काय बोलून राह्यले ते समजते. पहिले नुसता गलका होता.”

तक्रारीही आहेत आणि त्या खऱ्या आहेत. जुन्या संचाचा ॲम्प्लिफायर बहुधा बेसच्या पेटीतच असतो आणि त्याचे छोटे स्पीकर रिसीव्हरला मानवतीलच असं नाही, त्यामुळे स्पीकरचाही खर्च येतो. व्होल्टेज वर-खाली होतं. एका घरात उंदरांनी मागची वायर कुरतडली आणि मालकानं वैतागून एकच लांबडा साउंडबार आणला. शिवाय खोली. मातीच्या जाड भिंतींचं धाब्याचं घर आवाज पिऊन टाकायचं. स्लॅब, फरशी आणि उघड्या सिमेंटच्या भिंती तो परत फेकतात. एका काकूंनी सोफ्यामागच्या भिंतीवर गोधडी टांगली, तेव्हा घुमणं बरंच कमी झालं. दुकानात कुणी हा सल्ला देत नाही, कारण गोधडीवर नफा नाही.

सभोवतालचा आवाज आपल्याला परका मुळीच नाही. दिंडीत विणेकऱ्याच्या दोन्ही अंगांना टाळकरी असतात, पखवाज एका बाजूनं उठतो आणि मध्ये उभ्या माणसाला प्रत्येक टाळ आपल्या जागेवरून ऐकू येतो. ते ऐकणं भोंग्यानं आपल्याकडून काढून घेतलं. २००० च्या नियमांनी निवासी भागासाठी दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबलची मर्यादा ठरवली, पण इभ्रत जोवर आवाजाच्या आकारात आहे तोवर नियम पोलिसांच्याच वहीत राहतील. वरातीपुढचा टेम्पो लगेच जाणार नाही. पण ज्या घरात आवाज न वाढवता आजोबांना शब्द ऐकू आला, त्या घराला ‘मोठा’ आणि ‘चांगला’ यांतला फरक कळला आहे. पुढच्या लग्नात ‘डॉल्बी सांगितला का?’ असं विचारल्यावर निदान तिथं कुणीतरी क्षणभर थांबेल, एवढी आशा मी ठेवतो.