जुन्या औरंगाबादच्या बाजारवाटा

कोणत्याही शहराचा इतिहास दोन ठिकाणीं लिहिलेला असतो: एक राजांच्या शिलालेखांत आणि दुसरा पेठांच्या नांवांत. पहिला वाचावयास पंडित लागतो. दुसरा मुलें खेळतां खेळतां पाठ करितात. औरंगाबादचा हा दुसरा इतिहास श्रोत्यांनीं थोडा ऐकावा.

१६१० सालीं मलिक अंबरानें खडकी येथें हें शहर वसविलें. त्याचा पुत्र फत्तेखान यानें त्यास फत्तेनगर म्हटलें. १६५३ सालीं औरंगजेब दुसऱ्यांदा दक्षिणेचा सुभेदार होऊन आला आणि शहर औरंगाबाद झालें. २०२३ सालीं तें छत्रपती संभाजीनगर झालें. शहराचें नांव असें तीन वेळां बदललें, पण आंतील पेठांचीं नांवें बव्हंशीं टिकलीं. राजाज्ञेनें दिलेलें नांव राजसत्तेबरोबर पालटतें. धंद्यावरून पडलेलें नांव लोकांच्या जिभेवर राहतें.

सराफा म्हटला कीं सोन्याचांदीचे नाजूक कांटे. कासारी बाजार म्हटला कीं तांब्यापितळेचीं भांडीं. कुंभारवाडा, रंगारगल्ली आणि दलालवाडी यांचा अर्थ सांगावा लागत नाहीं. गुलमंडी म्हणजे फुलांचा बाजार, शहागंजांतील ‘गंज’ म्हणजेहि बाजारच, आणि मोंढा म्हणजे धान्याची घाऊक पेठ. आईनें कल्हईस भांडें दिलें कीं कोणत्या गल्लींत वळावयाचें, हें मुलास नकाशावांचून समजे.

१९३० ते १९४८ च्या काळांत या वाटांवर वाढलेल्या मुलांचें गणितहि बाजारांतच पक्कें झालें. निजामी राज्यांत हाली शिक्का चाले, आणि ब्रिटिश हिंदुस्थानांतील नाण्यास कलदार म्हणत. ढोबळ मानानें सात हाली रुपये म्हणजे सहा कलदार. हा हिशेब न येणाऱ्याची फसगत ठरलेली. १९५९ सालीं हाली नाणें व्यवहारांतून गेलें. भाषेचेंहि तसेंच. घरांत मराठी, दरबारीं उर्दू आणि कापडाच्या पेढीवर मारवाडी. तिन्ही भाषा मुलांच्या कानांवर एकाच सकाळीं पडत.

येथील हिमरू कापड प्रसिद्ध आहे. सुती ताण्यावर रेशमी बाणा घालून वेलबुट्टी विणतात; जरतारी किनखाब ज्यास परवडत नसे, त्यानें हिमरूची हौस करावी. मशरूची युक्ति निराळी: वरचें अंग रेशमाचें आणि त्वचेस लागणारें सुताचें, म्हणजे रेशीम अंगास लागूं न देणाऱ्या धर्मशील मुसलमानासहि तें नेसतां येई.

या साऱ्या गजबजाटास पाणी पुरवीत ते नहर. मलिक अंबरानें डोंगराकडील पाणी भूमिगत मार्गानें शहरांत खेळविलें, आणि पुढेंहि नवे नहर निघाले. पाणचक्कीवर नहराचें पाणी उंचावरून पाडून त्याच्या जोरानें जातें फिरवीत, व बाबा शाह मुसाफिर यांच्या दर्ग्यांत उतरणाऱ्या फकीर-यात्रेकरूंसाठीं धान्य दळीत.

बालपणीच्या आठवणींस साखरेचा पाक फार लवकर चढतो. म्हणून दुसरी बाजूहि सांगितली पाहिजे. याच शहरांतील इंटरमीजिएट कॉलेजच्या विद्यार्थ्यांस १९३८ सालीं ‘वंदे मातरम्’ म्हणण्याच्या हक्कासाठीं झगडावें लागलें, आणि ती चळवळ पुढें हैद्राबादेपर्यंत पोंचली. बाजारांतील मुलास तीन भाषा येत. परंतु मातृभाषेंत उच्च शिक्षण घेण्याची सोय त्यास नव्हती. १७ सप्टेंबर १९४८ रोजीं निजामी सत्ता संपली, तेव्हां याच वाटांना नवा अर्थ आला.

आतां रंगारगल्लींत रंगारी शोधावा लागतो आणि गुलमंडींत फुलांपेक्षां कापडच अधिक दिसतें. नांव उरलें, पण त्याचा अर्थ सांगणारीं माणसें थोडीं राहिलीं. हाली पैसा मुठींत धरून ज्यांनीं दुकानाची पायरी चढली, तीं मुलें आज नव्वदीच्या घरांत आहेत. शिलालेख आणखी शंभर वर्षें थांबेल. तीं माणसें थांबणार नाहींत. म्हणून प्रत्येक घरांतील तरुणांनीं आजोबा-आजींजवळ बसून विचारावें, कोणत्या कोपऱ्यावर कोणाचें दुकान होतें, तेथें काय मिळे, आणि किती पैशांस. उत्तर वहींत उतरून ठेवावें. शहराचा तो दुसरा इतिहास लिहिण्यास यापरतें साधन नाहीं.