तळटीप : शेटे

शेटे : शनिशिंगणापुरात बानकर, दरंदले यांच्या जोडीने आढळणारे आडनाव. मूळ संस्कृत 'श्रेष्ठिन्'. हिंदीतला सेठ आणि कानडी शेट्टी याच घराण्यातले. मराठीत मात्र शेटे म्हणजे नुसता धनिक नव्हे. पाटील-कुलकर्णी गावाचे, तसे शेटे-महाजन पेठेचे वतनदार. नवे वाणी-उदमी आणून बसवणे, त्यांना जागा नेमून देणे, पेठ नांदती ठेवणे हे शेट्याचे काम. मोबदल्यात दुकानांवरचे हक्क आणि मानपान. या शेटेपणावरून भाऊबंदांत तंटेही होत, हे वतनाच्या कोणत्याही अभ्यासकाला नवे नाही. हुद्द्याचे आडनाव झाल्यामुळे त्याला एक जात नाही : मराठे, वाणी, सोनार अशा अनेक समाजांत ते आहे. त्यावरून जात ओळखू पाहणाऱ्यांनी जपून राहावे. नेवासे तालुक्यातल्या या गावात शेटे आहेत म्हणून इथे जुनी पेठ होती, असाही निष्कर्ष काढू नये; वतन जागीच राहते, आडनाव माणसाबरोबर हिंडते. कोकणातले 'शेट्ये' याच शब्दाचे रूप. २०१६ साली शनिशिंगणापूर देवस्थानाच्या विश्वस्त मंडळाच्या पहिल्या महिला अध्यक्ष झालेल्या अनिता शेटे याच आडनावाच्या. (संपा.)