बॅकऑर्डर सेवा
मुदत संपून मोकळ्या होणाऱ्या डोमेन नावावर आगाऊ मागणी नोंदवून ते सुटताच अर्जदाराच्या नावे दाखल करून घेणारी सेवा. डॉट कॉम नाव रजिस्ट्रारने रद्द केल्यावर 30 दिवस पूर्वधारकास सोडवून घेता येते. पुढील 5 दिवसांनंतर ते खारीज होते (पहा : डोमेन नाव). सांगलीच्या हळदीचा वा साताऱ्याच्या कंदी पेढ्यांचा पत्ता असा सुटू लागल्यास, तो कोणत्या रजिस्ट्रारच्या दफ्तरी आहे हे प्रथम पाहणे अगत्याचे. कारण अनेक रजिस्ट्रार मुदतबाह्य नावे खारीज होण्यापूर्वीच सहयोगी लिलावगृहाकडे वर्ग करतात आणि अन्य सेवेकडील मागणी निष्फळ ठरते. खारीज होणाऱ्या नावासाठी मात्र अधिक अधिस्वीकृत रजिस्ट्रारांच्या जोडण्या असलेली सेवा श्रेयस्कर. बहुधा यश आल्यासच शुल्क पडते. मागण्या अनेक असल्यास लिलाव होतो. डॉट इन व देवनागरी डॉट भारत नावांची नोंदवही निक्सीकडे असल्याने (पहा : निक्सी), केवळ डॉट कॉमपुरती सेवा तेथे चालत नाही.